साय

लीर गावाबाहेर, एम्स नदीच्या बांधाखाली
फोल्कर्टबाईंचं नवं स्वयंपाकघर.
जमीन ओतून सहा आठवडे झालेत.
दिसायला अशी, की बूट काढून आत यावं:
सपाट, फिकट,
पातेल्यात निवलेल्या दुधासारखी.

तोच तिचा दोष.
वर साय धरलीय तिनं.

मी गुडघ्यांवर बसते, खिळ्यानं रेघ ओढते.
रेघेच्या कडा भुरभुरतात.
पाण्याचा एक थेंब सोडते.
पालथा घडाच जणू:
थेंब वरच्या वर चमकत राहतो, आत मुरत नाही.
म्हणजे आधी घासणं. खरखरीत कागद, मशीन,
नाकातोंडात जिप्सम,
मग व्हॅक्यूम, दोनदा,
कोपऱ्यांत हातानं.

हिनरिक तामेन, ज्याच्या हाताखाली मी शिकले,
म्हणायचा: ओक्का, चिकटवण कुणीही विकत आणतं.
आधी विचार, खाली कोण आहे.
हे जिप्सम. याची ओल्या सिमेंटशी
थेट सोयरीक जुळवलीस,
तर दोघांच्या मध्ये सुया उगवतात,
डोळ्यांना न दिसणाऱ्या.
वर्षभरात लादी अलगद सुटते,
पाठ स्वच्छ,
जशी कधी कुणाला चिकटलीच नव्हती.

त्याला माहीत होतं, कारण
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात, सासूच्या न्हाणीघरात,
प्रायमरचा डबा तो गाडीत विसरला होता.
गाडी दहा पावलांवर उभी.
बाहेर गारठा होता. बस, एवढंच.
अकरा महिन्यांनी सासूनं
एक अख्खी लादी आणून ठेवली नाश्त्याच्या टेबलावर,
लोण्याशेजारी.
बोलली काही नाही.
पुढे कित्येक वर्षं तो त्या लादीवर स्क्रू ठेवायचा.

माझ्या गाडीत आज दोन पोती आहेत.
एक जिप्समच्या चिकटवणीचं, घरातल्या घरात जुळणारं,
पण ओल्या जागी नाजूक.
दुसरं सिमेंटचं. त्याला मध्यस्थ लागतो:
निळा प्रायमर, रोलरनं, आडवा मग उभा,
आणि तो वाळेपर्यंत तोंड मिटून बसणं.
हे मला अजून नीट जमत नाही.

पण त्याच्याही आधी हे.
छिन्नीनं तळापर्यंत खणते.
खलात कुटते, तोलते.
पोलादी बाटली, पोलादी गोळ्या, कार्बाइडची कुपी.
झाकण आवळून हलवते.
आत काच फुटल्याचा आवाज,
फोल्कर्टबाई दारात दचकतात.

शनिवारी कपाटं बसवायला माणसं येणार आहेत.
सोमवारी लेक, तिचं आठवड्याचं बाळ.
काटा सावकाश वर चढतो.
शून्य दशांश नऊ.
हवं होतं पाचच्या आत.

वरून तर कोरडी आहे, त्या म्हणतात.
वरून, मी म्हणते.

मग इपॉक्सीचा जाड थर देऊन
पाणी खालीच कोंडलं तर?
त्यांनी वाचलंय कुठेतरी. रात्री झोप लागत नसणार.
मी सांगते, कोंडलेलं पाणी गप्प बसत नाही,
जिप्समला आतून भिजलेल्या बिस्किटासारखं करतं.
त्या ऐकतात. मग एकदम म्हणतात,
बाळाची बाटली उकळायची कुठे?

याचं उत्तर कुठल्याच पोत्यावर छापलेलं नाही.

चहा होतो, पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडलेला.
खडीसाखरेवर चहा, त्यावर कपाच्या कडेनं साय.
ती बुडते आणि ढग होऊन वर येते.
ढवळायचं नाही, इथली रीत.
तीन कप होईपर्यंत आम्ही दोघी गप्प.

मी कपाटवाल्याला फोन लावते.
तो शिवी देतो, मग नवी तारीख.
भिंतीवर पेन्सिलनं आजचा आकडा लिहिते,
खिडक्या उघडते,
विजेची शेगडी माझी आहे, ती वरच्या खोलीत लावून देते.

घरी येईतो अंधार.
रात्री पारा शून्याखाली जाणार, म्हणतात.
प्रायमर एकदा गोठला की कामातून गेला.
गाडी दारापासून दहा पावलांवर.
मी परत जाते, डबा काढते,
आत आणून ठेवते, बुटांच्या शेजारी.