अर्धा वाटा

ब्रिटनीतल्या त्या गावात गुरुवारी संध्याकाळी
शेतावरची व्हॅन येते, जुन्या शाळेच्या शेडपाशी.
गोल्वेन आणि मादाम केर्व्हेला, दोघांत पेटारा एक.
मार्चमध्येच पैसे भरलेले, थेट नोव्हेंबरपर्यंतचे,
आणि मे महिन्यात कुंपणावरून अबोला.

तेव्हापासून कोबी मधोमध चिरला जातो.
कापायचं त्यानं, निवडायचं तिनं.
गाजरं मोजून.
मुळ्याचा पाला कुणालाच नको,
तरी तोही निम्मा निम्मा.

रात्री दोन स्वयंपाकघरांत
कांद्याच्या थोरल्या भावाचं, लीकचं, सूप रटरटतं.
तो लोणी जास्त घालतो. तिचं खाली लागतं.
भिंत पातळ आहे, दोघांनाही कळतं.

काल पेटाऱ्यात एकच नवलकोल निघाला,
लिंबाएवढा.
त्यानं सुरी उचलली, परत ठेवली.
"ह्याचं करतात तरी काय?"
तिनं विचारलं, पाच महिन्यांनी,
नवलकोलाला.

"साल काढायची, मीठ लावायचं. कच्चाच खायचा,"
तो म्हणाला,
तोही नवलकोलालाच.

व्हॅनवाली मारिव्हॉन
पुसलेला तराजू पुन्हा पुसत राहिली.