पृ. १४७

लॉ कॉलेज चौकातून आत वळलं की
झेरॉक्सची तीन दुकानं सोडून चौथं माझं.
पाटीवर ‘थीसिस, बायंडिंग, अर्जंट’,
खाली बारीक अक्षरात ‘प्रो. देविदास खापेकर’.
प्रो. म्हणजे प्रोप्रायटर.
नवीन पोरं आली की सर म्हणतात.
मीही लगेच दुरुस्त करत नाही.

आडनाव आधी, मग नाव, मग साल,
पुस्तकाचं नाव तिरपं.
मला न समजलेली शेकडो पुस्तकं
मी तिरपी केली आहेत.
तळटिपांत ‘तत्रैव’ येतं,
खाली परत तत्रैव, परत तत्रैव.
सुरुवातीला एका सरांना अर्थ विचारला होता.
म्हणाले, तिथेच. त्याच ठिकाणी.
सव्वीस वर्षं झाली त्याला.
खुर्ची तेवढी दोनदा बदलली.

नागपूरच्या मेची दुपार,
कूलरमध्ये दुसरी बादली ओतत होतो
तेव्हा सुकेशिनी बारसागडे आली,
ओढणीतून फक्त डोळे.
काका, धकात्यांच्या विणकरांवरच्या पुस्तकात
ते वाक्य एकशे सत्तेचाळीसवर नाहीच आहे.
कोणतं?
‘माग चालू असेतो घरातलं भांडण ऐकू येत नाही.’
म्हटलं, असेल तिथेच. सगळेच तर तेच लिहून राहिले.
तेच तर, ती म्हणाली.
अकरा थीसिस पाहिले मी. अकराही जणांचं एकशे सत्तेचाळीस.
पुस्तक उघडलं तर तिथे फोटो.

मोबाइलवर दाखवला.
कांड्या भरणारी बाई,
अर्धा चेहरा शिवणीत गेलेला,
खाली ‘कांडी भरताना, पाचपावली’.
बाईचं नाव नाही.
वाक्य एकशे चौऱ्याहत्तरवर आहे, काका.

ती गेल्यावर जुनं कपाट उघडलं.
फ्लॉप्या, सीड्या, झुरळांची अंडी,
आणि अकरातला पहिला, हेडाऊ सरांचा, माझ्याच दुकानातला.
त्यांच्या कागदावर निळ्या शाईत स्वच्छ १७४.
माझ्या टंकात १४७.
त्या रात्री लाइट गेली असेल,
धाकट्याला ताप असेल,
असं आता म्हणता येतं.
त्याला आधार काही नाही.

हेडाऊ सर डॉक्टर झाले.
त्यांचं पाहून दुसरे, दुसऱ्यांचं पाहून तिसरे,
मग गोंदियाचे दोघं, अमरावतीच्या एक मॅडम.
पुस्तक कुणीच उघडलं नाही.
एवढी शिकलेली माणसं
माझ्या दोन बोटांवर भरवसा ठेवून होती
आणि मला पत्ता नव्हता.
खरं सांगतो, आधी जराशी छाती फुगली.
लाज त्यानंतर आली,
पण रात्रभर गेली नाही.

सकाळी सुकेशिनीला फोन करून सांगितलं.
ती हसली नाही.
लिहू का तळटिपेत, मूळ चूक खापेकर काकांची?
तुझे गाइड काढून टाकतील, म्हटलं.
त्यापेक्षा त्या बाईचं नाव मिळते का पाहा.
दोनदा जाऊन आले ना पाचपावलीत, ती म्हणाली.
कुणी म्हणते सकूबाई पराते,
कुणी म्हणते तिची जाऊ.
मग लिहिशील काय?
दोन्ही लिहीन, काका.
कोण म्हणालं, कोणत्या तारखेला, तेही.
हे टाइप करायला मी पैसे घेतले नाहीत.
तिनं मात्र बिल मागितलं.

काल एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला,
सोमवारी सबमिशन.
दुसरं प्रकरण, तळटीप एकतीस.
मी माउसवरचा हात काढला.
पुस्तक पाहिलं का, बावा?
पाहिलं ना काका.
त्या पानावर फोटो कशाचा आहे?
कूलर घरघरत राहिला.
पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातात दिला.
जा म्हटलं,
लायब्ररी साडेपाचला बंद होते.