दहाचं तेल

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी जनता वसाहतीची चढण चढतो.
हातात खात्याचा टॅबलेट, गळ्यात कंत्राटी ओळखपत्र.
त्यावरच्या फोटोत मी अजून अंगानं भरलेला आहे.

गल्ली नंबर सत्तेचाळीस. लोढांचं दुकान.
गोडेतेल, एक लिटर. तूरडाळ, एक किलो.
चहापत्ती, पाव किलो; मार्का तोच असल्याची खात्री करावी.
लोढाशेठ भाव सांगतात, मी भरतो.
मग दर वेळी, सुतळी तोडता तोडता, म्हणतात,
"पण लिटर इथं नेतंय कोण?"
त्याला टॅबलेटमध्ये रकाना नाही.

शेवंता अडागळे येते. पदराला कणीक लागलेली.
"दहाचं तेल द्या. पाचची हळद.
अन् चहा-साखर मिळून पंधराची."
शेठ डब्यात पळी बुडवतात,
पिशवीच्या कोपऱ्यात तेल सोडतात,
वर गाठ मारतात.

मी विचारतो, मावशी, तेल काय भावानं पडलं?
"दहानं."
गेल्या वर्षी?
"दहानंच."
आणि कोरोनाच्या आधी?
"तवाबी दहानंच की.
आमच्याकडं भाव नाही वाढत, साहेब.
गाठ खाली येती."

ती पिशवी उजेडात धरते.
कोपऱ्यापासून गाठीपर्यंत बोटं लावते:
"आधी चार बोटं भरायचं. आता ही बघा, अडीच.
लिहा."

लिहिता येत नाही.
बोट हे एकक यादीत नाही.

माझ्या तक्त्यात एक आधारवर्ष असतं,
त्या वर्षी सगळं शंभर धरलेलं.
तिला सांगायला गेलो तर हसली.
"शंभर मलाबी ठाऊक हाय. माझी मजुरीच शेकड्यावर."
सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये ती पोळ्या लाटते.
शेकड्याचा दर तीन वर्षं हललेला नाही.
मालकाची पाटीही हललेली नाही,
फक्त तो ओट्यापाशी येऊन हळूच म्हणतो,
उंडा जरा लहान घे.
"किलोच्या बत्तीस व्हायच्या. आता बेचाळीस काढते.
तेवढ्याच कणकीत दहा पोळ्या जास्त मिळतात मालकाला.
मला काय? शेकडा तो शेकडा.
पातळ पोळी फाटती, तिला हात जपून लागतो,
त्याचं कुणी धरत नाही."

कुठली मेस, विचारलं.
तिनं बोळ सांगितला, बोळातलं पिंपळाचं झाड,
झाडाखालची सायकलची दुकानं.
मी टॅबलेटवरच बघत राहिलो.

शेवटचा प्रश्न होता तो नेहमीचाच:
वस्तूचा दर्जा व प्रमाण पूर्वीप्रमाणेच आहे काय?
चौदा महिने मी न वाचता 'होय' दाबलंय,
कारण 'नाही' दाबलं की आणखी सहा पानं उघडतात
आणि मला दुकानामागं पैसे मिळतात.
आज 'नाही' दाबलं.
शेऱ्यात लिहिलं: गाठ दीड बोट खाली आली.
लाल अक्षरं आली. कृपया अंक टाका.
अंक टाकला. दहा.
हिरवी खूण आली.

रात्री त्याच मेसमध्ये बसलो,
जिथं मी दोन वर्षं जेवतोय.
ताटात चार पोळ्या, पहिल्यापासून चारच.
हल्ली पोट भरत नाही, तर मला वाटायचं
चढण चढून भूक वाढली असेल.
एक पोळी उचलून ट्यूबलाइटसमोर धरली.
तिच्यातून समोरच्या भिंतीवरची पाटी दिसत होती,
अक्षरं वाचता येतील इतकी:

जादा पोळी दहा रुपये.

शेजारचा पोरगा बघायला लागला, तशी खाली ठेवली.
आतून लाटण्याचा आवाज येत होता,
एकसारखा, न थांबता, हलक्या हाताचा.
मी जादा पोळी मागवली.