लाल ठिपका

गुर्रम म्हणजे तेलुगूत घोडा.
जुन्या घोडदळाच्या रिसाल्यात, जिथं आता रणगाडे होते,
नरहरी राजय्या गुर्रम रुजू झाला
तेव्हा आडनावाला कुणी हसलं नसेल.
तिथं तेलुगू कुणाला येत होती?
हसलो आम्ही, कन्ना चौकात,
पोरगं धोटा सोडून लोखंडी घोड्यावर बसलं म्हणून.

युद्धावरून आला तो डावा कान तिकडेच ठेवून.
दाजी पेठेत कुणाच्या लक्षातही आलं नाही.
मागांच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं इथली,
ओठ वाचतात,
बोटांवर भाव ठरवतात.
बाप ठार बहिरा, लेक अर्धा.
सुट्टीवर आला की दोघं ओट्यावर
कडक भाकरी मोडत, शेंगाचटणीचं ताट मध्ये ठेवून
तासभर भांडायचे,
नुसत्या ओठांनी.

वीरचक्र मिळालं. हारतुरे झाले.
मानपत्रात होतं: शत्रूचे चार रणगाडे.
तो म्हणायचा, मोजले कुणी बे? धुकं होतं.

कर्नल होऊन परतला, केस पांढरे करून,
आणि एका दुपारी माझ्या दारात उभा.
मी जेकार्डचे पुठ्ठे पंच करणारा.
मोर मारलेत, कमळं मारलीत,
एका नवरदेवाचं नाव चुकीचं मारून शिव्याही खाल्ल्यात.
त्यानं चौकटीचा कागद उलगडला.
पेन्सिलीनं, नकाशासारखं नेमकं:
कोवळ्या गव्हाचं शेत,
त्यात साखळीचे दोन पट्टे गेलेले,
पट्ट्यांच्या पुढे एका माणसाची पावलं,
पावलांच्या टोकाला
एक लाल ठिपका.

मी म्हटलं, साहेब, एवढ्याशासाठी धोटा बदलावा लागतो.
परवडत नाही.
तो म्हणाला, बदल.

मग चहा गार होईस्तोवर बोलला,
उजवा कान माझ्याकडे करून.
सुरुंगांचा पट्टा. वाट दाखवणारी फीत तुटलेली. रात्र.
हा खाली उतरला,
बॅटरीवर लाल फडकं बांधलं,
पाठीमागे धरून चालू लागला.
मागून पन्नास टन लोखंड
त्या ठिपक्याच्या भरवशावर.
चालवत होता हरफूल, झुंझुनूकडचा,
ज्याला अंधारात गाणं म्हणायची खोड.
इंजिनाच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं,
पण म्हणत असणार.

पलीकडे पोचले.
उजाडताना गोळा आला तो समोरून,
चालकाच्या अंगावर.
मानपत्रातलं सगळं त्यानंतरचं.

'मी त्याला नीट पोचवला होता,' म्हणाला,
आणि चादरीचा माप-भाव विचारला.

दर दिवाळीनंतर एक चादर,
हरफूलच्या बायकोच्या पत्त्यावर.
अकरा थंड्या.
पैसे तो मोजून द्यायचा, सुट्टे,
आणि पार्सल स्वतः शिवायचा,
टाके जाड, लष्करी.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला.
त्रेचाळीस अंश, डांबर मऊ झालेलं.
जवानांनी सलामीच्या फैरी झाडल्या.
गल्लीतल्या काहींनी ऐकल्या,
बाकीच्यांनी पाहिल्या.

आता पौषात कार्ड आलंय,
कुण्या नातवाच्या अक्षरात:
यंदा चादर आली नाही.
साहेब बरे आहेत ना?

पुठ्ठे आहेत माझ्याकडे, आठशे चाळीस,
सुतळीनं बांधून, उंदरांपासून वर टांगलेले.
माग नाही. माग किलोवर गेले.
अक्कलकोट रोडला एकाकडे जाऊन आलो,
तिथं सगळं कॉम्प्युटरवर.
पोरगा चांगला आहे. पुठ्ठे हातात घेऊन
भोकांतून उजेडाकडे बघत राहिला.
शेत होईल म्हणाला, पट्टे होतील, पावलंही होतील.
लाल? एका ठिपक्यासाठी?

मी ओठ हलवले.
त्याला ओठ वाचता येत नाहीत.
उद्या परत जायचंय, मोठ्यानं सांगायला.

कार्डाचं उत्तर अजून लिहिलं नाही.
आधी चादर जाऊ दे.