पान एकशे बारा

कुताइसीत, रिओनीच्या काठच्या शाळेत,
मागल्या खोलीत म्झेविनार फाईल उघडते.
मधमाश्या पाळण्याचं पुस्तक, टाईप केलेलं सत्त्याण्णव साली.
पडद्यावर जॉर्जियन अक्षरं, द्राक्षवेलीच्या आकड्यांसारखी,
एकाचंही वळण चुकलेलं नाही.
डोळ्याला वाटावं, काम झालंच आहे.

मग ती वाचणारा आवाज सुरू करते
आणि यंत्र बरळायला लागतं.

जुन्या फॉन्टचं हे असंच.
वरून जॉर्जियन झगा, आत रोमन हाडं.
पाण्याला तिकडे म्हणतात त्स्काली;
यंत्र म्हणालं, व्याली.
माझ्या मराठी कानानं लगेच विचारलं असतं, कोण?
तिथे कुणी विचारलं नाही.
तिनं तेहेतीस अक्षरांचा तक्ता काढला
आणि हाडं बदलली.

सगळं ताळ्यावर आलं,
फक्त मधमाशीचं लॅटिन नाव
मुळातच रोमन होतं बिचारं,
त्यालाही झगा चढला.
तो हातानं उतरवायचा. एकशे सहा वेळा.

ठळक केलं म्हणून शीर्षक होत नाही,
आवाजाला ठळक दिसत नाही.
आकृती नऊ: चित्राखाली नुसतं ‘आकृती नऊ’.
तिनं लिहिलं, मधोमध एक मोठी माशी, ती राणी.
ओतियाला फोनवर वाचून दाखवलं.
दृष्टी जाईपर्यंत त्याच्याकडे चाळीस पेट्या होत्या.
‘मोठी नको लिहूस. लांब लिही.
मोठा दिसतो तो नर. आयतोबा.’
तिनं ‘लांब’ लिहिलं. ‘आयतोबा’ लिहिलं नाही.

गुरुवारी ईपब पाठवलं.
शुक्रवारी सकाळीच ओतियाचा फोन:
‘पान एकशे बारा. गिवी कोण?’
‘कुठला गिवी?’
‘पाकाचं प्रमाण सांगता सांगता मध्येच बाई म्हणते,
सव्वासात झाले, आठला वीज जाणार,
बोटं वाकत नाहीत,
गिवी अजून आला नाही.’

म्झेविनारनं पान उघडलं.
एक भाग पाणी, दोन भाग साखर,
मग कोरी जागा, जरा जास्तच कोरी.
तिनं माऊस दाबून ओढला
आणि निळ्या पट्टीत ओळ वर आली,
पांढऱ्यावर पांढरी.

छापलं तेव्हा कुणाला दिसली नसणार.
लेखकाला नाही, छापखान्याला नाही,
वाचून वाचून पानं चिकट करणाऱ्यांना नाही.
पंचवीस-सव्वीस वर्षं ती तिथेच, साखरेच्या खाली,
आणि पहिल्यांदा ऐकली ती
न बघणाऱ्या माणसानं.

नियम सोपा आहे: लपलेला मजकूर काढून टाका.
तिनं बोट ठेवलं, उचललं.
आधी सगळी फाईल शोधली,
पांढरा रंग, अगदी फिकट राखाडीसुद्धा.
शेवटच्या पानापर्यंत काही नाही.

‘आणखी काही नाही, ओतिया.’
तिकडे चहाचा चमचा वाजत राहिला.
‘मग आला असेल,’ तो म्हणाला.
‘माणूस घरी आल्यावर
कोण टाईप करत बसतं?’

ईपबमधून तिनं ओळ काढली.
जुनी फाईल तशीच ठेवली, त्याच नावानं,
त्याच मोडक्या फॉन्टमध्ये.
मग आकृती दहा. पेटीचं झाकण.
कुठल्या बाजूनं उघडतं,
हे चित्रावरून कळत नव्हतं.