सांजवेळ, चारशे चाळीस काड्या

काड्या आल्या त्या खोक्यावर इटलीतल्या जातीचं नाव होतं,
सांजोवेसे.
अण्णांनी चष्मा पुसून ते तिसऱ्यांदा वाचलं
आणि वहीत लिहिलं:
सांजवेळ, चारशे चाळीस काड्या, डॉगरिज खुंटावर.
कलम बांधायला आलेली मल्लव्वा म्हणाली, संजी.
तिच्या कन्नडातही तो सहाचाच सुमार.
तेलसंगच्या माळावर असं बारसं उरकलं,
भांडण न होता.

आमच्यात सूर्य बुडाला की ताट पालथं.
मध नाही, कंदमूळ नाही,
पाणीसुद्धा फडक्यातून.
आणि अण्णांनी, म्हणजे नेमगोंडा मगदुमांनी,
बेदाण्याच्या शेडशेजारी पाचशे लिटरची टाकी उभी केली.
चुलते म्हणाले, बेदाणा बरा की रे,
ऊन फुकटचं, तासगावला सौदा, देवापुढं बसायला तोंड.
आई काहीच म्हणाली नाही.
त्या शेडच्या उंबऱ्याशी तिचे पाय थांबले
ते चार वर्षं.

दाबयंत्र जुनं आणलं, तेही तिकडचंच.
पत्र्याच्या पाटीवर उठावाची अक्षरं:
बेरतेल्ली ए फील्यी.
मोबाइलवर अर्थ काढला. बेरतेल्ली आणि मुलगे.
अण्णा बराच वेळ पाटीवरची धूळ पुसत राहिले.
मग म्हणाले, मुली नव्हत्या काय गं त्यांना?
आणि चौदा नंबरचा पाना माझ्या हातात दिला.

चाखते मी.
ते विचारतात, कसं लागतंय?
जांभळाची बी चावल्यासारखं.
आणि मागनं?
मागनं चामडं. अथणीची नवी वहाण, तेल प्यायच्या आधीची.
ते वहीत लिहितात: नवी वहाण.
एवढ्या वर्षांत एक थेंब ओठाला नाही.
पण जेवण आटोपून, दिवेलागणीला,
टाकीला कान लावून उभे राहतात,
विहिरीत निसटलेल्या पोहऱ्याचा ठाव घ्यावा तसे.
आत बारीक खदखद,
कुणीतरी लांब, खूप लांब, लाह्या भाजत असल्यासारखी.

आईनं एकदाच विचारलं होतं, ताक घुसळता घुसळता,
त्यात जीव असतात म्हणे?
असतात, अण्णा म्हणाले.
किती?
त्यांनी ओंजळ करून दाखवली,
मग हात पसरले,
मग खाली सोडले.
रवी तेवढी फिरत राहिली.

यंदा फेब्रुवारीत थंडी मागं फिरली.
सहाव्या रात्री त्यांनी मला उठवलं,
झोपली गं.
मीटर अकरावर अडकलेलं, हलेना.
साली वर आलेल्या, कोरड्या, गप्प.
नाशिकच्या सरांना फोन लावला,
त्यांचाही बंद.
अण्णा टाकीवरनं कान काढेनात,
मला म्हणाले, हळू बोल.

तेवढ्यात उंबऱ्यापलीकडनं काहीतरी धपकन आत पडलं.
वाकळ.
मागोमाग दुसरी.
मग मल्लव्वानं माझ्या पाचवीला शिवलेली कौदी,
कोपऱ्याकोपऱ्याला लाल त्रिकोण.
आई बाहेरच, पदर कानावरून घट्ट.
गुंडाळा, म्हणाली. गारठ्यानं मरतील.

आम्ही गुंडाळलं. सुतळीनं बांधलं.
टाकी दिसायला लागली
तापातनं उठून बसलेल्या जाड्या पाहुण्यासारखी.
मला हसू आलं. अण्णांना नाही.
आईनं गरम पाण्याच्या पिशव्या सरकवल्या,
एकेक, पायरीवरनं, काठीनं ढकलत.

पुढं कुणी कुणाशी बोललं नाही.
चुलत्यांच्या शेडवरचा बल्ब विझला.
झुंजुमुंजू झालं, पत्रा तडतडला.
अण्णांनी कौदीची एक गाठ सैल केली
आणि कान आत घातला.
आई उंबऱ्यावर.
पायाची बोटं तेवढी अलीकडं.
उठली का?

अण्णांनी बोट वर केलं:
थांब.