मधली चित्रं

नेरिमातल्या स्टुडिओत, रात्री अडीचला,
हागिवारा मित्सुयो काढते आहे
यंत्रबाईचा हात.

पहिल्या चित्रात तो चहाचा पेला पुढे करतो,
शेवटच्यात मालकाचा गळा धरतो.
ती दोन्ही वरच्यांनी काढून दिलीत.
मधली एकवीस हिची,
चित्रामागे दोनशे येन.

दिग्दर्शक म्हणाले होते,
बंड डोळ्यांत दिसू दे. लालभडक.
मित्सुयोनं डोळे तपकिरीच ठेवलेत.
नवव्या चित्रात फक्त करंगळी
पेल्यावरून जराशी सुटते.

दहाव्यासाठी ती
टेबलावरच्या आरशात
स्वतःचा हात धरून बघते.
करंगळी आधीच सुटलेली.

पलीकडून सुपरवायझर कुराताची हाक,
"झालं का गं? सकाळी सातला हवंय."

"होतंय," म्हणते ती.
"चहा देऊ?"